‘क्रोम अपडेट होत नाही’: एका कार्यालयातले दोन संगणक आणि दोन वेगळी दुखणी

कार्यालय छोटं, एका कर सल्लागाराचं. दोन टेबलं, दोन संगणक, एक प्रिंटर आणि अशिलांच्या डिजिटल सहीची टोकनं (सही साठवलेले, पेनड्राइव्हसारखे यूएसबी) ठेवलेला डबा. काम जीएसटी आणि आयकर विवरणपत्रांचं, म्हणजे महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास ब्राउझर रुसून चालत नाही. तक्रार अशी: दोन्ही संगणकांवर क्रोम अपडेट होत नाही, आणि जुन्या संगणकावर बँकेची साइट नुसतीच पांढरी दिसते.

तक्रार एक असली तरी कारणं दोन निघाली. एका संगणकावर अपडेट येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्यावर ते आलेलं होतं, पण लागू होत नव्हतं. हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळला असता. त्याआधीच जुन्या संगणकावरचं क्रोम एकदा काढून पुन्हा टाकण्याचा प्रयत्न झाला होता, आणि डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये ‘क्रोम अपडेट’ नावाची एक जावास्क्रिप्ट फाइल पडली होती. ती कुठल्याशा साइटवरच्या ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे’ या पाटीवर क्लिक केल्याने उतरली होती. क्रोम किंवा फायरफॉक्स वेबपानाच्या आतून अशी फाइल कधीच देत नाहीत. अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतून होतं. तशी फाइल दिसली की न उघडता पुसायची आणि उघडली गेली असेल, तर आधी अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करायची. ब्राउझरचं नंतर बघता येतं.

आधी दोन आकडे

उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, हेल्प, मग अबाउट गूगल क्रोम. इथे ब्राउझरची आवृत्ती कळते. मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून ‘विनव्हर’ टाइप केलं की विंडोजची आवृत्ती कळते. हे दोन आकडे कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुना संगणक: विंडोज ७, दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३, ४ जीबी रॅम, क्रोम १०९.
नवा संगणक: विंडोज १०, ८ जीबी रॅम, क्रोम चालू आवृत्तीच्या बरंच मागे.

जुन्याचा निकाल तिथेच लागला. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची आवृत्ती क्रोम १०९, जानेवारी २०२३ मधली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० लागतंच. मायक्रोसॉफ्ट एजचंही तसंच, तोही विंडोज ७ वर १०९ लाच थांबला. खुद्द विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि पैसे भरून मिळणारी वाढीव मुदत १० जानेवारी २०२३ ला. तेव्हा अशा संगणकावर क्रोम काढा, टाका, रजिस्ट्री (विंडोजची अंतर्गत नोंदवही) साफ करा, काहीही करा, आकडा १०९ च राहणार. उलट क्रोम काढून टाकलं तर आजचा इन्स्टॉलर विंडोज ७ वर बसायला नकार देतो, आणि १०९ ची जुनी फाइल शोधत भलत्या साइटवर जावं लागतं. चालू असलेलं क्रोम अनइन्स्टॉल करणं हा अशा वेळचा सर्वांत वाईट उपाय, आणि गल्लीतला तंत्रज्ञ नेमका तोच आधी करतो.

पांढरं पान का?

‘जुना ब्राउझर म्हणून साइट चालत नाही’ हे उत्तर बरोबर असलं तरी ढोबळ आहे. नेमकं काय अडलं ते एफ-१२ दाबून कन्सोल या टॅबमध्ये दिसतं. तिथे एक लाल ओळ होती: टु-सॉर्टेड इज नॉट अ फंक्शन. टु-सॉर्टेड ही जावास्क्रिप्टमधली यादी क्रमाने लावणारी सोय. क्रोममध्ये ती आली ११० मध्ये, म्हणजे या संगणकाच्या एकच पाऊल पुढे. आजची बरीच संकेतस्थळं संपूर्ण पान जावास्क्रिप्टने उभं करतात. सुरुवातीच्याच एखाद्या ओळीवर गाडी अडली की चूक दाखवणारा संदेशसुद्धा रंगत नाही आणि उरतं ते कोरं पान. कॅशे साफ करून किंवा कुकीज पुसून इथे फरक पडत नाही. कार्यालयात ते दोनदा करून झालं होतं आणि त्या भरात सगळी लॉगिनं मात्र गेली होती.

फायरफॉक्समध्ये हीच सोय ११५ मध्ये आली, आणि विंडोज ७ वर चालणारी फायरफॉक्सची शेवटची शाखा नेमकी ११५ चीच, दीर्घ मुदतीच्या आधाराची म्हणजे ईएसआर. त्यामुळे त्याच संगणकावर, त्याच विंडोजवर, फायरफॉक्स ११५ मध्ये बँकेचं पान उघडलं. काही ठिकाणी मांडणी विस्कटलेली दिसली. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत नियमांत नियम लिहिण्याची पद्धत फायरफॉक्सला ११७ पासून कळते, हे त्याचं एक संभाव्य कारण. पण रकाने भरता आले आणि चलन निघालं. वीस तारीख तोंडावर असताना एवढं पुष्कळ होतं.

इथे एक खाचखळगा आहे. कुठल्या तरी पेनड्राइव्हवर पडलेलं जुनं ११५ टाकू नये. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ रोजी संपलं. ईएसआर शाखेत ११५.१३ च्या आधीची आवृत्ती असेल तर त्या तारखेनंतर ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या जादा सोयी, बंद पडतात. अबाउट फायरफॉक्समध्ये ठिपक्यानंतरचा आकडा १३ किंवा त्यापुढचा आहे ना, हे पाहायचं.

ही तात्पुरती सोय होती. मोझिलाने विंडोज ७ साठी ११५ ची मुदत एकदा नव्हे, अनेकदा वाढवली, पण त्यात फक्त सुरक्षेची ठिगळं येतात, नव्या सोयी येत नाहीत. पुढची अडचण ११५ ला न कळणाऱ्या एखाद्या नव्या सोयीने येणार हे उघड आहे.

घड्याळाची भानगड

फायरफॉक्स टाकल्यावर दुसऱ्या सकाळी नवीच तक्रार आली: एकही साइट उघडत नाही, सगळीकडे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. क्रोममध्येही तेच, फक्त तिथे संदेश जास्त बोलका होता, ‘तुमचं घड्याळ मागे आहे’, आणि खाली नेट एरर सर्ट डेट इनव्हॅलिड. म्हणजे दोष ब्राउझरचा नव्हे. संगणकाची तारीख मदरबोर्डच्या कारखान्यातल्या तारखेवर गेली होती. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणक स्वतःला बारा-तेरा वर्षं मागे समजत असेल तर आजचं प्रत्येक प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं.

कारण बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, अडीचच्या आसपास आला की बदलायचा. रात्री मेन स्विच बंद करण्याची सवय असलेल्या कार्यालयात हा दोष लवकर उघडा पडतो, कारण वीज असेतो घड्याळ सेलवर अवलंबून नसतं.

‘इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळते की’ असं वाटतं, पण विंडोजची वेळ-सेवा घरगुती संगणकावर १५ तासांपेक्षा जास्त फरक असेल तर जुळवायला नकार देते. ‘तारीख जुळत नाही, आधी ती दुरुस्त करा’ असा संदेश येतो. म्हणून क्रम असा: संगणक बंद करून वायर काढायची, सेल बदलायचा, बायोसमध्ये (संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) तारीख-वेळ हाताने घालायची, मग विंडोजमध्ये टाइम झोन कोलकाता आहे ना ते पाहून ‘अपडेट नाउ’ दाबायचं. प्रमाणपत्राच्या इशाऱ्यावर ‘तरीही पुढे जा’ दाबत राहणं हा उपाय नव्हे, विशेषतः बँकेच्या साइटवर.

दुसरा संगणक: आलेलं, पण न लागलेलं अपडेट

विंडोज १० वर आजचं क्रोम चालतं, त्यामुळे इथे कारण वेगळं शोधायला हवं होतं. प्रोग्रॅम फाइल्स, गूगल, क्रोम, ॲप्लिकेशन या फोल्डरमध्ये पाहिलं तर दोन आवृत्त्यांचे फोल्डर आणि दोन एक्झी फाइली: क्रोम आणि न्यू-क्रोम. इथेच उत्तर होतं. क्रोम चालू असताना अपडेट उतरलं की नवी फाइल न्यू-क्रोम या नावाने शेजारी ठेवली जाते आणि क्रोम पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होताना जुनीची जागा घेते. या टेबलावर क्रोम कधी बंदच होत नव्हतं. चाळीसएक टॅब उघडे, संध्याकाळी संगणक शटडाउन न करता स्लीपला. शिवाय सेटिंग्जमधल्या सिस्टिम भागात ‘क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीतली ॲप चालू ठेवा’ हे चालू, त्यामुळे खिडकी बंद केली तरी प्रक्रिया मागे जिवंत.

ते बटण बंद केलं, अर्धवट भरलेले फॉर्म जतन करून घेतले आणि ॲड्रेस पट्टीत क्रोम://रीस्टार्ट टाइप केलं. टॅब परत येतात, इन्कॉग्निटोतले मात्र येत नाहीत. दोन मिनिटांत काम झालं.

न्यू-क्रोम फाइल नसती तर पुढचा तपास अबाउटच्या पानावरच्या त्रुटीच्या आकड्यावरून करायचा. त्रुटी ३ आणि सोबत ०एक्स८००४०१५४ असेल तर अपडेट करणारा गूगलचा घटकच नोंदणीतून उडालेला असतो. ‘क्लीनर’ जातीची सॉफ्टवेअरं हा पराक्रम करतात. त्यावर गूगलच्याच साइटवरून ऑफलाइन इन्स्टॉलर घेऊन आहे त्या क्रोमवरच चालवायचा. प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, इतिहास, पासवर्ड, शाबूत राहतं. त्रुटी ७ आणि सोबत ०एक्स८००७२ईई७ असेल तर सर्व्हरचं नावच सापडलेलं नसतं. तेव्हा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा), प्रॉक्सी, फायरवॉल आणि होस्ट्स फाइल (संगणकातलीच नावा-पत्त्यांची यादी) तपासायची. फुकटात सॉफ्टवेअर वापरण्याच्या नादात कुणीतरी होस्ट्स फाइलमध्ये भाराभर ओळी घातलेल्या असतात आणि त्यात नको ते पत्तेही अडतात. आणि ‘तुमच्या संस्थेकडून नियंत्रित’ असं दिसत असेल, पण संस्था म्हणजे दोन माणसंच असतील, तर क्रोम://पॉलिसी उघडून कोणते नियम लागलेत ते वाचायचं. एखाद्या जुन्या अँटिव्हायरसने किंवा नको त्या सॉफ्टवेअरने ते घुसवलेले असतात.

संगणक बदलताना: पासवर्डचा सापळा

जुन्या संगणकाचं काय करायचं यावर बराच खल झाला. विंडोज ७ च्या परवान्यावर विंडोज १० फुकट चढवण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. विकत घ्यावं तर विंडोज १० चाच आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, दुसऱ्या पिढीच्या आय-३ चा प्रश्नच येत नाही. लिनक्सवर क्रोम आणि फायरफॉक्स झकास आणि ताजे चालतात, घरच्या संगणकासाठी तो उत्तम मार्ग आहे. पण इथे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं आणि सहीची टोकनं होती. ते सगळं लिनक्सवर जमवत बसणं म्हणजे ब्राउझर सोडून दुसराच उद्योग. म्हणून आठव्या पिढीपुढचा, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला संगणक विंडोज ११ सकट घ्यायचं ठरलं. जुन्यात रॅम आणि एसएसडी घालून पैसे अडकवण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

खरी जोखीम होती डेटा हलवण्यात. सर्रास करतात ते असं: विंडोज आणि आर दाबून %लोकलॲपडेटा%, मग गूगल, क्रोम, तिथला यूजर डेटा फोल्डर उचलून नव्या संगणकात टाकणं. बुकमार्क येतात, इतिहास येतो, म्हणून सगळं आलं असं वाटतं. जुन्या संगणकाची डिस्क फॉरमॅट होते आणि मग कळतं की एकही पासवर्ड भरला जात नाही.

पासवर्ड असलेली फाइल आलेली असते. ते उलगडायची किल्ली मात्र त्या विंडोजच्या त्या वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेली असते. क्रोम पासवर्ड कुलूपबंद करतं, आणि कुलपाची किल्ली विंडोजच्या डीपीएपीआय या यंत्रणेकडून पुन्हा बंद करून घेतं. दुसऱ्या संगणकावरच्या विंडोजला ती उघडता येत नाही. याच कारणाने ‘विंडोजचा पासवर्ड विसरलो’ म्हणून तंत्रज्ञाने प्रशासक खात्यातून तो बळेच बदलला, तर त्याच संगणकावरही पासवर्ड हातचे जाऊ शकतात. स्वतः लॉगिन करून, जुना पासवर्ड देऊन बदलला तर काही बिघडत नाही.

म्हणून जुना संगणक चालू असतानाच, त्याच खात्यातून: सेटिंग्ज, ऑटोफिल, पासवर्ड मॅनेजर, जतन केलेल्या पासवर्डशेजारचे तीन ठिपके, एक्स्पोर्ट. सीएसव्ही फाइल मिळते. ती उघड्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये कुणालाही वाचता येते. ती ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही. पेनड्राइव्हवरून नव्या क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये इम्पोर्ट करायची, चार-पाच साइट उघडून खात्री करायची, मग दोन्हीकडून पुसून रिसायकल बिनही रिकामा करायचा. बुकमार्कसाठी कंट्रोल, शिफ्ट, ओ, मग एक्स्पोर्ट, एचटीएमएल फाइल. फायरफॉक्सचं प्रकरण सोपं आहे. तिथे प्रोफाइलच्या फोल्डरमधल्या लॉगिन्सची जेसन फाइल आणि की-४ ही डीबी फाइल या दोन्ही सोबत हलवल्या की पासवर्ड येतात. एकच हलवली तर येत नाहीत.

गूगल खात्यावरून सिंक करणं सोपं असतं, हे खरं. पण कार्यालयातल्या संगणकावर खातं असतं एखाद्या कर्मचाऱ्याचं वैयक्तिक. अशिलांचे पासवर्ड त्याच्या खात्यावर आणि तिथून घरच्या मोबाइलवर जाणं कुठल्याही सल्लागाराला परवडणारं नाही.

एक उलटा प्रकारही सांगायला हवा. नव्या आवृत्तीने एकदा उघडलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीला चालत नाही. क्रोम ‘हे प्रोफाइल नव्या आवृत्तीचं आहे’ म्हणून अडतं, फायरफॉक्स नवं कोरं प्रोफाइल बनवायला सांगतो. म्हणून मूळ प्रोफाइलची प्रत एका बाजूला, हात न लावता ठेवायची.

नव्या ब्राउझरवर पहिला आठवडा

सही होईना, ही पहिली हाक. जीएसटीच्या साइटवरून डिजिटल सही करताना ब्राउझर त्याच संगणकावर चालणाऱ्या ईएमसाइनर या छोट्या सॉफ्टवेअरशी बोलतो, १२७.०.०.१ या पत्त्यावर १५८५ क्रमांकाच्या पोर्टवरून. त्या स्थानिक पत्त्याचं प्रमाणपत्र ब्राउझरच्या ओळखीचं नसतं. जुन्या प्रोफाइलमध्ये कधीतरी परवानगी दिलेली होती, नव्यात ती नाही. म्हणून ईएमसाइनर प्रशासक म्हणून चालू करायचं, नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएससह तो पत्ता आणि पोर्ट टाकून उघडायचा, ॲडव्हान्स्ड आणि मग प्रोसीड. इशारा ओलांडणं इथे ठीक आहे, कारण पलीकडे आपलाच संगणक आहे. मग जीएसटीचं पान ताजं करून पुन्हा सही. तरीही टोकन दिसत नसेल तर टोकनच्या कंपनीचं ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसवलेलं नसतं. ते टोकनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं का ते आधी बघायचं, ब्राउझरशी झटत बसायचं नाही.

चलनाची पीडीएफ उघडत नव्हती ते पॉप-अप अडल्यामुळे. ॲड्रेस पट्टीच्या उजव्या टोकाला बारीक खूण येते, तिच्यावर क्लिक करून त्या एकाच साइटला परवानगी द्यायची. सगळ्यांना सरसकट नको.

एक्स्टेन्शनांपैकी, म्हणजे क्रोमच्या ॲड-ऑनांपैकी, काही ‘आता समर्थित नाही’ म्हणून बंद झाली. १०९ वरून थेट आजच्या क्रोमवर उडी मारली की हे ठरलेलं, कारण एक्स्टेन्शनांचा जुना साचा, मॅनिफेस्ट व्ही-२, क्रोमने २०२५ च्या मध्यापासून सगळ्यांसाठी बंद केला. त्यात मराठी टायपिंगचं एक एक्स्टेन्शनही गेलं, पण त्याची गरज उरली नव्हती. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. भाषेत मराठी घातली, पर्यायांतून फोनेटिक निवडला की विंडोज आणि स्पेसबारने तो सर्वत्र चालतो, टॅलीबाहेरच्या पत्रव्यवहारातही.

एक जुनं अंतर्गत पोर्टल फक्त इंटरनेट एक्स्प्लोररवर चालणारं होतं. तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण एजमध्ये त्याची वाट राखलेली आहे: सेटिंग्ज, डिफॉल्ट ब्राउझर, आयई मोडमध्ये साइट उघडू द्या, आणि खालच्या यादीत त्या पानाचा पत्ता. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप मावळते, मग पुन्हा घालावी लागते. ‘परवापर्यंत चालत होतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

जुना संगणक भंगारात गेला नाही. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात आणि मागच्या वर्षांचा टॅलीचा डेटा त्याच्याच डिस्कवर होता. त्या डेटाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींची प्रोफाइलं पुसली आणि नेटवर्कची वायर काढून ठेवली.